आळीची अमानत

२०२५ साली वेल्हे तालुक्याचे नाव राजगड झाले. ती बातमी आमच्या घरी पोहोचली तेव्हा चाची मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचे माहेर वेल्ह्याचे, तोरण्याच्या पायथ्याचे. साठेक वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या भोरला आल्या. तरी अजून कुठलीही गोष्ट सांगायची तर 'हमारे वेल्ह्यामें' अशीच सुरुवात करतात. बातमी ऐकून त्यांनी मान वर केली आणि विचारले, "तो मेरा मायका अब राजगडकू गया क्या रे?" आम्ही सगळे हसलो. नाव तालुक्याचे बदलले, गाव वेल्हेच आहे, असे समजावून सांगितले. "तो ठीक है," म्हणून त्या पुन्हा मेथीकडे वळल्या.

नावे बदलण्याचे या मुलखाला काही नवल नाही. मुरुंबदेवाच्या डोंगरावर शिवाजी महाराजांनी राजगड बांधला, तोरण्याचे नाव प्रचंडगड ठेवले. १७०४ मध्ये औरंगजेबाने हे दोन्ही किल्ले घेतले, तेव्हा राजगडाचा नबीशाहगड केला आणि तोरण्याला फुतूहुलगैब असे नाव दिले. काही वर्षांतच किल्ले परत गेले आणि ती नावेही गेली. बादशाही फर्मानाने दिलेले नाव आज ओठांवर असलेला एकही माणूस या खोऱ्यात सापडणार नाही. गुराखी तेव्हाही तोरणाच म्हणत असेल, आजही तोरणाच म्हणतो. आमच्या भाटघरचे तसेच. वेळवंडी नदीवर इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात पहिले धरण बांधले, त्याच्या तलावाला व्हायटिंग नावाच्या इंजिनिअरचे नाव दिले. १९२० च्या दशकात तिथेच मोठे धरण उभे राहिले, त्याला गव्हर्नर लॉईडचे. स्वातंत्र्यानंतर ते येसाजी कंकांच्या नावाचे झाले; हे नाव तरी या मातीतल्या माणसाचे, कारण कंक भुतोंड्याचे. पण एसटीत बसलेला माणूस तिकीट मागताना भाटघरच म्हणतो.

आणि एक गंमत सांगायची राहिली. ज्याचे नाव बदलले तो 'तालुका', तो ज्याच्यात मोडतो तो 'जिल्हा', जिथे नोंद होते ते 'दफ्तर', हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि इतके मुरले की त्यांना वेगळे काढता येत नाही. त्याचा अभिमानही नको आणि दुःखही नको. शब्द राहायला आले आणि घरचे झाले, एवढेच.

तेव्हा तालुक्याचे नाव हा आमच्या चिंतेचा विषय नाही. राजपत्रात छापले जाणारे नाव हरवत नाही. जुनेही दफ्तरात राहते. हरवते ते त्याच्या खालचे. आळीच्या वळणाला काय म्हणत, बुजलेली विहीर कोणाच्या अंगणात होती, पिंजाऱ्याची धनुकली कोणत्या ओट्यावर वाजत असे, अत्तराचे दुकान उठून तिथे काय आले. भोरला चौपाटी आहे. समुद्र शंभर वळणांच्या वरंधा घाटापलीकडे, पण आमच्या गावाला चौपाटी आहे, आणि परगावच्या पाहुण्याला ती दाखवताना आम्हाला दरवर्षी हसू येते. असली नावे कुठल्या कागदावर नसतात. माणसांच्या तोंडी असतात आणि माणसांबरोबर जातात.

ही तोंडची माहिती नेमकी कोणाच्या मालकीची? सांगणे हे कर्तव्य आहे की मेहेरबानी? आणि काही गोष्टी न सांगण्याचा हक्क आळीला आहे का? हे प्रश्न आम्हाला एका वहीने घातले.

बरीच वर्षे झाली. आमचा पुतण्या तेव्हा शाळेत होता. गावात कुठल्याशा निमित्ताने एक स्मरणिका निघाली. तिच्यात राजवाडा होता, घाट होते, देवळे होती, व्यापारी पेढ्या होत्या. आमची आळी नव्हती. मुलाला ते लागले. त्याने दोनशे पानी वही आणली आणि आळीतल्या बुजुर्गांकडे जाऊन बसायला लागला. कोणाचे घर मूळ कोणाचे, कोण कोणत्या गावाहून आले, मुलाणी कोण, तांबोळी कोण, कोणाच्या घरी मोहरमचे काय असे, कोणाचे आजोबा पंतसचिवांच्या वाड्यावर कशाला जात. आम्ही कौतुकाने पाहत होतो. आमच्यावर अन्याय झाला होता आणि आमचा मुलगा तो धुऊन काढत होता.

मग एका संध्याकाळी तो एक पान घेऊन आला. आळीत पूर्वी एक विहीर होती. वस्तीतल्या बायका पाण्याला येत, पण त्यांनी विहिरीला हात लावायचा नाही. आळीतल्या कोणी तरी पाणी शेंदायचे आणि वरून त्यांच्या भांड्यात ओतायचे. कोणी नसेल तर त्या बसून राहत. हे एका वृद्ध गृहस्थांनी त्याला सांगितले होते, शांतपणे, जसे पाऊस किती पडे ते सांगावे तसे.

दोन दिवसांत गोष्ट आळीभर झाली. चार ज्येष्ठ आमच्याकडे आले. म्हणाले, "आपल्यात शिवाशिव नाही हे आपण जगाला सांगतो. एका सफीत राजा आणि भिस्ती उभे राहतात हे सांगतो. आणि हा पोरगा हे लिहिणार? आधीच लोक कमी बोलतात का आपल्याला?" त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, भीती होती. आणि ती भीती खोटी होती असे आम्ही आजही म्हणणार नाही. ज्याच्याकडे रोज बोट दाखवले जाते, त्याने स्वतःच्या चुकीचा पुरावा स्वतःच हातात द्यावा अशी अपेक्षा करणे सोपे असते, ती पुरी करणे अवघड.

आम्ही मुलाला ते पान काढायला सांगितले. त्याने ते फाडले. वहीही तिथेच थांबली. दोन वर्षांनी ते वृद्ध गृहस्थ अल्लाला प्यारे झाले. विहीर तर त्यापूर्वीच बुजवली होती, वर फरशी आली होती.

आता या घाटाच्या खालची एक गोष्ट. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची तर जागा कोणी देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमानाने. हा इतिहास खरा आहे आणि आम्ही तो अभिमानाने सांगतो. किती सभांतून सांगितला असेल त्याची गणती नाही. पण वरंधा उतरून महाडची गोष्ट आणणाऱ्या आम्हाला आमच्या आळीतली विहीर मात्र चढणीला लागली. ज्या गोष्टीत आपण चांगले दिसतो ती इतिहास, आणि ज्यात वाईट दिसतो ती बदनामी. स्मरणिका काढणाऱ्यांनी आम्हाला वगळले याचा राग धरून बसलेल्या आम्ही त्याच महिन्यात विहिरीवर बसून राहणाऱ्या बायकांना वगळले.

आमच्या लिहिण्या-बोलण्याची एक खोड आहे, तीही इथेच सांगून टाकतो. स्थानिक इतिहास म्हटला की आम्ही यादी म्हणतो: नूरखान बेग, सिद्दी इब्राहिम, दौलतखान, काझी हैदर. यादी खरी आहे आणि ती विसरली जाऊ नये. पण तिचा उपयोग आम्ही चारित्र्याच्या दाखल्यासारखा करतो. दाखला मागणारा कोणी समोर असतो किंवा असल्याचा भास असतो, आणि आम्ही खिशातून कागद काढून देतो. मुलाण्याला असल्या दाखल्याची गरज नव्हती. तो बलुतेदार होता, त्याच्याशिवाय जत्रेतला बकरा कापला जात नव्हता, खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला होता. तो गावात होता म्हणून होता. आळीचा इतिहास सांगायचा तो असा, कोणाला काही सिद्ध करून दाखवण्यासाठी नव्हे. आणि सिद्ध करायचे नसेल, तरच विहिरीचे पान त्यात बसते.

कारी गाव भोरपासून दूर नाही. तिथल्या जेधे देशमुखांच्या घरात कागदांचा संग्रह होता. त्यातली एक जंत्री त्या घराण्याने लोकमान्य टिळकांकडे दिली आणि १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनाच्या निमित्ताने ती प्रसिद्ध झाली. तीच जेधे शकावली. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा मानला जात होता. या शकावलीत तो शके १५५१ च्या फाल्गुनातला निघाला. वाद झाला, बरीच दशके चालला, आणि पुढे शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. एका घरातला कागद. त्या घराने 'आमचा आहे, आम्ही दाखवत नाही' म्हटले असते तर कोण काय करणार होते? राजवाड्यांसारखा माणूस गावोगाव हिंडे, तेव्हा कितीतरी घरांनी त्यांना दप्तर दाखवले नाही. कागद दाखवला तर वतन जाईल, भाऊबंद दावा लावतील, ही तिथलीही भीती. म्हणजे आमच्या चार ज्येष्ठांची भीती आमच्याच समाजाची नव्हे. ज्याच्याकडे कागद आहे त्या प्रत्येकाची ती असते.

१६५९ साली विजापूरच्या आदिलशाहाने याच घराण्यातल्या कान्होजी जेध्यांना फर्मान पाठवले, अफझलखानाला सामील व्हा म्हणून. कान्होजींनी काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. मराठा देशमुखाच्या नावाने आलेला कागद फारसी, आणि मुलाण्याच्या घरातला वतनाचा कागद बहुधा मोडी! आमच्याच ओळखीच्या एका घरी ट्रंकेच्या तळाशी असा कागद आहे. तो कुराणशरीफबरोबर मखमलीत गुंडाळून ठेवला होता. लिपी अनोळखी, म्हणून ती पवित्र असणार असा समज. वाचून घेतला तेव्हा निघाला एका शेताच्या बांधाचा तंटा. घरातल्यांचा हिरमोड झाला. आम्हाला मात्र तो तंटा फार आवडला. वतने १९५० च्या दशकातल्या कायद्यांनी गेली, त्याच सुमाराला मोडी शाळांतून गेली, आणि फारसी तर त्याच्या कितीतरी आधी. पण 'गेली' म्हणताना एक आठवले पाहिजे: ग. ह. खरे फारसी शिकले आणि त्यांनी ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड काढले. सेतुमाधवराव पगडींनी मोगलांच्या फारसी इतिहासातले किती तरी मराठीत आणले. ज्यांच्या घरी ती भाषा कधी नव्हती त्यांनी ती कमावली. आमच्या घरी मखमल राहिली.

जुन्या कागदांत महजर नावाचा एक प्रकार असतो. गावात तंटा झाला की गोत जमायचे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यायचे, देवाधर्माची शपथ घेऊन प्रत्येक जण आपल्याला काय ठाऊक आहे ते सांगायचा. मग ते लिहून त्यावर साक्षी पडायच्या. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, इतरांच्या पुढे ज्याच्या त्याच्या हत्याराची. मुलाणीही त्यात असायचा. शब्द अरबी, रीत इथली. आम्हाला यात विशेष वाटते ते हे की बोलावणे आल्यावर 'मला सांगायचे नाही' असे म्हणण्याची सोय नव्हती. आणि आमच्या धर्माची शिकवण तरी वेगळी काय? साक्ष लपवणे हा गुन्हा मानला आहे, मग ती स्वतःच्या विरुद्ध जाणारी का असेना, आईबापांच्या विरुद्ध जाणारी का असेना. अमानत ज्याची त्याला पोहोचवावी, असेही सांगितले आहे. मग विहिरीची आठवण ही कोणाची अमानत? आम्ही ती आमची समजलो, कारण विहीर आमच्या आळीत होती. पण जी बाई भांडे घेऊन बसून राहिली, तिची ती जास्त आहे. तिच्या नातवंडांची आहे. आम्ही ती त्यांच्या परवानगीवाचून फाडून टाकली.

याचा अर्थ असा नव्हे की आळीतले सगळेच चव्हाट्यावर आणावे. गीबत हीही गोष्ट आहेच. कोणाची मुलगी कोणाबरोबर गेली, कोणाचा बाप कर्जात बुडाला, कोणी दारूपायी घर विकले, हे सांगणारे इतिहासकार प्रत्येक ओट्यावर बसलेले असतात आणि त्यांना पुरावा कधी कमी पडत नाही. आमच्या मते फरक इथे आहे: जे सगळ्यांनी मिळून केले किंवा सगळ्यांनी मिळून सोसले, ते सांगायचे, जे एकाच घराच्या उंबऱ्याआत घडले, ते त्या घराचे. विहीर सगळ्यांनी मिळून केली होती. तिथे कोणा एकाचे नाव लिहिण्याची गरजच नाही. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, तेव्हा 'अमक्याने ओतले' असे न लिहिता 'आम्ही ओतले' असे लिहावे. पण लिहावे. हा फरक नेहमी इतका स्वच्छ नसतो, हे मान्य. उंबऱ्याच्या आतले आणि बाहेरचे एकमेकांत मिसळलेले असते.

सांगण्याइतकेच महत्त्वाचे आहे कसे सांगितले ते. आमच्याकडे हदीस गोळा करणाऱ्यांनी एक शिस्त घालून दिली. काय सांगितले ते पाहण्याआधी कोणी सांगितले, त्याला कोणी, आणि त्याच्या आधी कोणी, ही साखळी मागायची. साखळीतला एक माणूस जरी विसरभोळा किंवा खोटारडा निघाला तरी गोष्ट बाजूला ठेवायची. त्या माणसांच्या चरित्रांचेच वेगळे शास्त्र झाले. चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने इतिहासाला आणखी एक कसोटी लावली: सांगितलेली गोष्ट घडणे शक्य तरी आहे का? हजरत मूसांच्या सैन्यात सहा लाख माणसे होती असे इतिहासकार लिहीत आले. त्याने विचारले, एवढे सैन्य उभे तरी कुठे राहील, आणि एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्याला कळणार कसे? हा वारसा सांगणारे आम्ही, आणि आमच्या मोबाईलवर रोज सकाळी जो इतिहास येतो त्याला ना साखळी ना कसोटी. नसरापूरवरून जाताना आम्हालाही मोह होतो. अरबीत 'नस्र' म्हणजे मदत, विजय. लगेच एखादा सरदार उभा करावा आणि गाव त्याच्या नावावर करावे. पण उच्चार जुळला म्हणजे पुरावा झाला असे नव्हे. समोरच्याने अशाच जुळणीवरून आमच्या एखाद्या दर्ग्याचे नाव ओढून नेले तर आम्ही रागावतो, मग आपण नसरापूर कसे ओढावे?

आणखी एक. पुण्यात जुन्या पेठांतल्या कोणत्याही घरी जा, १२ जुलै १९६१ ची गोष्ट ऐकायला मिळते. पानशेत फुटले, मागोमाग खडकवासला, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, कोणाचे काय वाहून गेले. ती माणसे सांगतात हे चांगलेच आहे. पण ज्या वेल्ह्यात ते पानशेत आहे, तिथली गावे आधी पाण्याखाली गेली होती, धरण फुटल्यावर ते पुन्हा बांधले गेले, शेजारी वरसगावही झाले. पुण्याचा पूर ओसरला, यांचे पाणी ओसरले नाही. त्या गावांच्या आळ्यांची नावे पुण्यात कोण सांगते? भाटघरचे पाणी उन्हाळ्यात उतरते तेव्हा कांबऱ्याचे जुने देऊळ उघडे पडते. लोक बघायला जातात. देवळाभोवतीच्या घरांची जोती बघायला कोणी जात नाही.

असो. पुतण्या आता पुण्याकडे नोकरीला आहे. तालुक्याच्या नावाची बातमी वाचून त्याने फोन केला आणि एकदम विचारले, "चाचा, ती माझी वही कुठे आहे?" वही होती. पुढच्या रविवारी तो आला, पाने चाळली, फाटलेल्या पानाचा कडेला राहिलेला तुकडा बोटाने चाचपला. म्हणाला, "ते लिहायला हवे. पण आता सांगणारे कोण आहे?" आम्ही गप्प बसलो. साखळीतली शेवटची कडी आम्हीच तोडली होती.

चाची पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "कुएँ का पूछता क्या? मैं डाली ना पानी."

आम्हाला हे ठाऊक नव्हते. इतकी वर्षे एका घरात राहून कोणी त्यांना विचारलेच नव्हते. आम्ही पुरुषांकडेच इतिहास मागत फिरलो. लग्न होऊन आल्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात, सासूने सांगितले म्हणून, त्यांनी ते पाणी ओतले होते. पुतण्याने वही उघडली. त्या सांगत गेल्या: दोर काथ्याचा होता, हाताला सोलवटून काढायचा. बादली भरून वर यायला वेळ लागे. खाली बसलेली बाई हंडा तिरका धरायची, म्हणजे पाणी उडू नये. तिच्या कडेवर पोर असे. दुपारच्या उन्हात ती पदर पोराच्या डोक्यावर घ्यायची आणि स्वतःचे डोके उघडे राहायचे. एकदा चाचींनी तिला सावलीत बस म्हटले, तर ती सासूच्या खिडकीकडे बघून नको म्हणाली.

"तिचे नाव काय होते, दादी?" पुतण्याने विचारले.

चाची बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पूछीच नहीं कभी."

त्याने ते तसेच लिहिले आणि पुढची ओळ मोकळी सोडली. आता तो दर सुट्टीत वस्तीत जातो आहे.